शेजाऱ्यांकडून आलेला मलिदा

सँट्रीतल्या आमच्या इमारतीत माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, एकट्या, कानाला यंत्र लावणाऱ्या. दोन वर्षं आमचं बोलणं लिफ्टमध्ये हवेबद्दल व्हायचं तेवढंच. २०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडूच नये असं आयरिश सरकारने सांगितलं, आणि मी त्यांचं सामान आणून द्यायला लागले. ड्रोहेडाजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात मी लॅबमध्ये काम करते. आमचं काम थांबलं नव्हतं, त्यामुळे मला बाहेर पडायची मुभा होती.

पिशव्या मी दाराशी ठेवायचे, बेल वाजवायचे आणि चार पावलं मागे सरकायचे. एकदा त्यांनी माझ्यासाठी दाराबाहेर बशीत काहीतरी झाकून ठेवलं होतं. आत सॉसेज रोल होते. मी आभार मानले आणि सांगितलं की आमच्यात डुकराचं चालत नाही. त्यांनी विचारलं, मुसलमान आहेस का. मी म्हटलं, नाही, ज्यू आहे. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

“पण तू तर भारतातली.”

मग मी बेने इस्राएलांची गोष्ट सांगितली. ती मला तोंडपाठ आहे, कारण भारताबाहेर पडल्यापासून ती पुष्कळदा सांगावी लागली आहे. कोकण किनाऱ्यावर फुटलेलं गलबत, वाचलेली मोजकी माणसं, त्यांनी धरलेला तेलाच्या घाण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं शनवार तेली हे नाव. आमचं घर ठाण्याचं, मूळ अलिबागकडचं. बाई, म्हणजे या शेजारीण, मी त्यांना मनात बाईच म्हणायचे, हे सगळं भिंतीला टेकून ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या की त्यांनी आयुष्यभर शाळेत पवित्र शास्त्र शिकवलं, आणि समोरच्या दारात कोण राहतं हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या चर्चच्या सभागृहात दर बुधवारी प्रौढांसाठी एक वर्ग घ्यायच्या. सभागृहाला कुलूप लागल्यावर तो बंद पडला होता. तो ऑनलाइन कसा घ्यायचा हे त्यांना समजत नव्हतं, म्हणून मी लॅपटॉप लावून दिला. आधी दाराच्या फटीतून सूचना देत, मग नियम सैल झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून, मास्क लावून, शेजारी बसून. पहिल्या काही बुधवारी मी आवाज आणि कॅमेरा सांभाळायला बसले. त्यानंतर सांभाळण्यासारखं काही उरलं नाही, तरी बसत राहिले.

विषय होता, प्राचीन इस्राएलच्या उपासनेवर शेजारच्या लोकांचा काय परिणाम झाला. वर्गाला दहा-बारा माणसं असायची, बहुतेक पेन्शनर. त्यांना तो विषय म्हणजे इतिहास होता. मला तो घरचा होता, आणि सुरुवातीला ऐकवत नव्हता.

आम्हाला लहानपणी शिकवलं होतं ते वेगळं. आजूबाजूला सगळे मूर्ती पुजणारे आणि मध्ये आपण, एकाच देवाला धरून राहिलेले, हे आमच्या पूर्वजांचं मोठेपण. बाई सांगत होत्या की यरुशलेमचं पहिलं मंदिर बांधायला राजाने कारागीर मागवले ते शेजारच्या सोर शहरातून, आणि ते आमच्याच ग्रंथात लिहिलेलं आहे. मंदिराची आखणी, बाहेरचे दोन खांब, ओसरी, मोठी खोली आणि आतला गाभारा, तशीच होती जशी उत्तरेकडच्या परक्या देवांच्या मंदिरांची असायची. इस्राएल या नावातला ‘एल’ हा त्या प्रदेशातल्या लोकांचा जुना मुख्य देव. एक स्तोत्र आहे, त्यात देवाचा आवाज म्हणजे मेघांचा गडगडाट आणि त्याने देवदार मोडून पडतात. अभ्यासकांना वाटतं की ते मुळात शेजाऱ्यांच्या पावसाच्या देवाला म्हटलं जात असावं. वाळवंटातल्या एका मुक्कामाच्या जागी सापडलेल्या रांजणावर आमच्या देवाच्या नावाशेजारी एका देवीचं नाव आहे. ते देवीचं नाव की लाकडी खांबाचं, यावर वाद आहे, हेही त्या सांगायच्या. आणि आमच्या पंचांगातल्या महिन्यांची नावं बाबिलोनची. तम्मूझ हा आमचा उन्हाळ्यातला महिना, पण तम्मूझ हा बाबिलोनचा देव होता आणि बायका त्याच्यासाठी रडायच्या.

तम्मूझचं ऐकलं त्या रात्री मी जेवताना महिन्यांची नावं पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली. लहानपणी बाबा ती पाठ करून घ्यायचे. आता त्या नावाशी आले की अडखळायला व्हायचं.

हे मला इतकं लागायचं कारण घरातलं एक भांडण होतं.

माझा दादा लग्नाआधीच इस्राएलला गेला आणि तिथे कर्मठ झाला. दाढी, टोपी, स्वयंपाकघरात दूध आणि मांसासाठी दोन वेगळी सिंक, सगळं. बाबांना त्याचा अभिमान होता. पण दादाला मुलगा झाला तेव्हा बाबा मुद्दाम तिकडे गेले, बरोबर ठाण्याहून जाडे पोहे घेऊन, आणि मलिदा करू म्हणाले. मलिदा म्हणजे आमच्या लोकांचा नवस फेडण्याचा, आभार मानण्याचा विधी. पोहे भिजवून त्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची घालायची, वर फळं मांडायची, गुलाबाच्या पाकळ्या ठेवायच्या आणि आमच्या संदेष्ट्याची आठवण करायची, जो अग्निरथातून आकाशात गेला. कोकणातल्या आमच्या जुन्या माणसांची अशी समजूत आहे की जाताना त्याचा रथ अलिबागजवळच्या एका खडकावर टेकला होता, आणि तिथे खूण आहे.

दादा म्हणाला की हे आपलं नाही. मलिदा दर्ग्यावर असतो, फळं-फुलं देवळात असतात, आपण ते शेजाऱ्यांकडून उचललं, कारण आपल्याजवळ शिकवणारं कोणी नव्हतं. आता शिकलो आहोत तर सोडून द्यायला हवं. बाबांनी वाद घातला नाही. पोहे त्यांनी तिथेच ठेवले आणि परत आल्यावर तो विषय कधी काढला नाही. फोनवर दोघं बोलायचे, तब्येत, पाऊस, नातू. पण बाबा पुन्हा इस्राएलला गेले नाहीत.

बाईंच्या वर्गात जे ऐकलं ते मी त्या उन्हाळ्यात दादाला फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल. तो शांतपणे म्हणाला, “हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच संदेष्टे आले आणि त्यांनी सगळं साफ केलं. तू मला कचरा दाखवतेस आणि म्हणतेस, बघ, घरात कचरा होता.”

हे मी बाईंना सांगितलं. मला त्यांच्याकडून उत्तर हवं होतं. त्यांनी चहा करता करता विचार केला, प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, बिस्किटांचा डबा काढला आणि म्हणाल्या की भावाचं म्हणणं चुकीचं नाही. त्या लोकांनी घेतलंही आणि नाकारलंही, आणि दोन्ही एकाच ग्रंथात लिहून ठेवलंय. “मी नुसतं घेतलेलं दाखवलं तर अर्धंच शिकवलं,” त्या म्हणाल्या. पुढचे दोन बुधवार त्यांनी नाकारलेल्या गोष्टींवर घेतले. मूर्ती, मुलांचा बळी, मृतांना कौल लावणं. मला माझ्या बाजूने बोलणारं कोणी मिळालं नाही म्हणून थोडी निराशाच झाली.

वर्गात स्लायगोचे एक गृहस्थ होते, पूर्वी पशुवैद्य होते. त्यांनी एकदा सांगितलं की त्यांच्या गावाजवळ एका संताची विहीर आहे, शेजारच्या झाडाला लोक आजाऱ्याच्या कपड्याच्या चिंध्या बांधतात. संत येण्याआधीही तिथे बांधत असतील, असं त्यांना वाटायचं. त्यांची आई बांधायची आणि लगेच जपमाळ काढायची. दोन्ही एकाच श्वासात, असं ते म्हणाले. मला त्यांची आई समजली. आमच्या घरात सिनेगॉगला जुनी माणसं मशीद म्हणायची, आणि अव महिन्यातल्या उपासाला बिरड्याचा रोजा. यात काही विचित्र आहे हे इस्राएलहून आलेल्या पाहुण्यांनी हसेपर्यंत आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

जानेवारी २०२१मध्ये इथे मोठी लाट आली आणि लॅबमधल्या निम्म्या लोकांबरोबर मीही आजारी पडले. घरी एकटीच होते. ताप उतरेना, धाप लागायची. बाई आता माझ्या दाराशी सूप ठेवून मागे सरकायच्या आणि दाराबाहेरून मोठ्याने विचारायच्या, मी आतून सगळं ठीक आहे म्हणायचे. ग्रँड, म्हणजे छान, हा त्यांचा नेहमीचा शब्द त्या तेव्हाही म्हणायच्या, पण त्यात प्रश्नचिन्ह असायचं. ठाण्याहून बाबा दिवसातून तीनदा फोन करत. एका संध्याकाळी मला नीट बोलता येईना तेव्हा ते म्हणाले, “तू बरी झालीस की मी मलिदा करीन. बोललोय मी.”

मी बरी झाले. बाबा नवस फेडायचं बघू लागले, पण ठाण्यात लोक एकत्र यायला घाबरत होते. थोडं थांबू, म्हणाले. सणवार होऊ दे, मग करू.

त्या फेब्रुवारीत बाईंच्या वर्गात आमच्या त्या संदेष्ट्याची पाळी आली. शेजाऱ्यांच्या पावसाच्या देवाशी त्याच्याइतकं कडवं वैर कोणी धरलं नाही. डोंगरावर त्या देवाच्या पुजाऱ्यांना आव्हान दिलं, त्यांना हरवलं, मारलं. दादाला हवा असलेला साफ करणारा माणूस तो हाच. बाईंनी त्या डोंगराआधीची गोष्टही सांगितली. दुष्काळात देवाने त्याला पाठवलं ते कुठे, तर सीमेपलीकडे, सीदोनच्या मुलखात, म्हणजे ज्यांच्या देवाशी तो लढत होता त्यांच्याच गावात. तिथे एका विधवेकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलं होतं. तिने त्यातली भाकर त्याला आधी दिली. तिच्या घरात तो राहिला, तिच्या हातचं खाल्लं, आणि तिचा मुलगा आजारी पडून गेला तेव्हा त्याने त्याला परत उठवलं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होते. ती विधवा परकी होती हे कोणी लपवलं नव्हतं, पण माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. त्या बुधवारी मी पहिल्यांदा वर्गात बोलले. मलिद्याबद्दल सांगितलं. पोहे, फळं, खडकावरची खूण. लोकांनी ताटलीत काय काय असतं ते पुन्हा विचारलं.

एप्रिलमध्ये बाबा गेले.

ठाण्यात लाट आली होती. आत्या, बाबांची धाकटी बहीण, त्यांच्या मजल्यावरच राहते. तिने फोन केला की बाबा खोकतायत. मग हॉस्पिटलात खाट मिळेना, मिळाली, ऑक्सिजन लावला, आणि एका सकाळी इथे पहाट होती तेव्हा तिचा फोन आला. मला जाता आलं असतं कदाचित, पण परत येता येईल की नाही याची खात्री कोणी देत नव्हतं. दादालाही निघता आलं नाही. दफन आम्ही दोघांनी फोनवर पाहिलं. पांढऱ्या किटमधली चार माणसं होती, त्यातली दोन आमच्यातली. कोणीतरी फोन धरला होता आणि त्याचा हात हलत होता, त्यामुळे बराच वेळ नुसतं गवत दिसत होतं.

दुखवट्याचे सात दिवस मी घरात खाली बसले. दादा तिकडे बसला, रोज माणसं जमवून त्याने प्रार्थना म्हटली आणि फोन समोर ठेवून मला ऐकवली. बाई रोज दुपारी त्यांची खुर्ची कॉरिडॉरमध्ये आणायच्या, माझ्या उघड्या दारापासून लांब ठेवायच्या आणि बसायच्या. वाचत नसत, विणत नसत. मला बोलावंसं वाटलं तर बोलायचे. बाबांचं हसणं कसं होतं हे मी त्यांना सांगितलं. आधी खांदे हलायचे, आवाज नंतर यायचा.

महिना सरल्यावर आत्याने फोनवर नवसाची आठवण केली. तुझ्यासाठी बोललेला नवस आहे, म्हणाली, तो तसा ठेवू नकोस. मी म्हटलं, इथे आपलं कोणी नाही, प्रार्थना म्हणणार कोण. ती म्हणाली, “तुझा भाऊ आहे की.”

मी दादाला फोन केला. सगळं सरळ सांगितलं. तो मग म्हणाला की बाबांच्या नावाने तो दानधर्म करील, अभ्यास ठेवील, नवस तसाही फेडता येतो. मी म्हटलं, बाबा दान बोलले नव्हते, मलिदा बोलले होते. तो म्हणाला की ज्या संदेष्ट्याने परक्या देवाची वेदी मोडली, त्याच्याच नावाने तू परक्यांच्या पद्धतीचं ताट मांडणार.

“त्याला दुष्काळात जेवायला कोणी घातलं, दादा?”

“ती गोष्ट मला सांगू नकोस. मला पाठ आहे.”

त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. कधी करणार आहेस ते कळव, शब्बाथचा शनिवार सोडून.

तोवर बाहेर मोकळ्यावर भेटायला परवानगी मिळाली होती. इमारतीच्या मागे एक हिरवळ आहे, तिथे बाक आहेत. जूनमधल्या एका रविवारी आम्ही तिथे जमलो. मी, बाई, आणि लॅबमधली माझी कोल्हापूरची मैत्रीण, जिने स्वतःची खवणी गाडीत घालून आणली होती, कारण किसणीवरचं खोबरं तिला पटत नव्हतं. पोहे मी आत्याला फोन लावून भिजवले. “चाळणीत निथळू दे गं, पिळू नकोस,” एवढं ती चारदा म्हणाली. बाईंनी त्यांच्या बाल्कनीतल्या कुंडीतले गुलाब कापून आणले.

दादा व्हिडिओवर आला. मागे त्याची पुस्तकांची कपाटं दिसत होती. मी फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. त्याने ताट दाखव म्हटलं, आणि पहिलं वाक्य म्हणाला, “खजूर उघडून आतून बघितलेस का?”

मी बघितले नव्हते. किडे असू शकतात, ते आपल्याला चालत नाहीत. मैत्रिणीने आणि मी एकेक खजूर चिरून पाहिला. दादा तोवर थांबला. मग त्याने आशीर्वादांचा क्रम सांगितला. आधी झाडाच्या फळांचा, मग जमिनीतून येणाऱ्यांचा, आणि केळं हे झाडाचं धरायचं नाही, ते जमिनीचं. हे मला माहीत नव्हतं आणि बाबांनाही माहीत नसावं. आमच्याकडे सगळी फळं एकत्रच व्हायची. मी ताटात केळी दुसऱ्या बाजूला सरकवली.

मग त्याने गायला सुरुवात केली. मला वाटलं होतं तो तिकडची चाल धरील. त्याने ठाण्याची धरली, बाबांची, ज्यात तिसऱ्या ओळीला आवाज खाली येतो. मी मागून म्हणत होते. मध्येच त्याचा आवाज गेला, मी एकटीच म्हणत राहिले, मग तो परत आला. बाई हात जोडून उभ्या होत्या, मैत्रिणीने ओढणी डोक्यावर घेतली होती. वाऱ्याने पाकळ्या गवतावर जात होत्या आणि त्या दोघी त्या उचलून परत ठेवत होत्या.

खाऊन झाल्यावर बाई म्हणाल्या की छान आहे, पण त्यांच्या दातांना जरा गोड आहे. उरलेलं आम्ही इमारतीत वाटलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. म्हणाला, “मी हे बाबांचा शब्द अपुरा राहू नये म्हणून केलं. माझ्या घरी करणार नाही.” मी म्हटलं, ठीक आहे. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या घरी काय चालावं हे त्याने ठरवायचं. नंतर आम्ही आत्याच्या गुडघ्यांबद्दल बोललो.

सप्टेंबरमध्ये बाईंनी एका बुधवारचा वर्ग मला दिला. कोकणातल्या आमच्या लोकांबद्दल बोल, म्हणाल्या. मी तयारी करून बोलले, सणांची मराठी नावं सांगितली, आम्ही काय काय कोणाकडून घेतलं ते सांगितलं. शेवटी स्लायगोच्या पशुवैद्यांनी विचारलं की तुमच्याकडून शेजाऱ्यांनी काही घेतलं का. गावात शनिवारी कोणी आमच्याकडे तीळ, खोबरं गाळायला आणत नसे, एवढंच मला आठवलं, तेही आजोबांच्या तोंडून ऐकलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या पार्किंगमध्ये दादाचा मेसेज वाचला. बाईंनी वर्गाची लिंक मला दिली होती, ती मी त्याला पाठवली होती आणि विसरून गेले होते. त्याने लिहिलं होतं: आपल्या ठाण्यातल्या खालच्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी मलिद्याला यायच्या. एकदा मुलाच्या नोकरीसाठी त्यांनी बाबांना आपल्या संदेष्ट्याकडे नवस बोलायला लावलं होतं. ते सांगायचं राहिलं तुझं.

मी गाडीत बसूनच त्याला विचारलं, मग लागली का नोकरी त्याला.

लागली, त्याने लिहिलं. रेल्वेत.